दोघी एकाच धुरात

दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत दोन टोपणनावं नेहमी जोडीनं घेतली जायची: तोफ आणि सायलेन्सर. तोफ म्हणजे भावजय. सायलेन्सर म्हणजे तिची नणंद, वयानं बरीच लहान, लग्न मोडल्यावर भावाच्या घरी परत आलेली. घरात तिला सगळे धाकटी म्हणत.

तोफेचा राग कायम नाकावर. ती चिडली की हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, ड्रायरच्या घरघरीतसुद्धा, तिचा आवाज पोचायचा. पण भडकायची तशी घटकाभरात विझायची, आणि जिच्यावर ओरडली तिलाच डब्यातलं अर्धं काढून द्यायची. धाकटीचं सगळं उलट. तिला कोणी टाकून बोललं तर मान खाली जायची, जेवण अर्धं राहायचं, बस. सासूबाई कौतुकानं सांगायच्या, "माझी लेक लहानपणापासून अशीच. पडली तरी हूं की चूं नाही. गुडघा फुटलाय हे मला आंघोळ घालताना कळायचं." आणि मग सुनेकडे एक कटाक्ष टाकायच्या.

दोघींचं काम एकच. इस्त्रीच्या गरम रुळातून बाहेर पडणारी चादर एकीनं या टोकाला धरायची, दुसरीनं त्या टोकाला, झटका देऊन ताणायची आणि चालत एकमेकींजवळ येत घडी घालायची. तोफ अखंड बोलत असायची, धाकटी ऐकत असायची. ड्रायरवरचा म्हातारा मुकादम जाता-येता म्हणायचा, "तोफ, दारूगोळा जरा जपून वापर गं, म्हातारपणाला शिल्लक ठेव." मुकादमानं दोघींनाही काम शिकवलं होतं, आणि तोफ ज्याचं निमूटपणे ऐकून घ्यायची असा तो एकटाच होता.

धुतलेले कपडे ठेवायच्या खोलीच्या दाराची आतली मूठ सैल झाली होती. दार लागल्यावर आतून ओढलं की ती हातात यायची आणि आतला माणूस आतच राहायचा. मग दार बडवायचं, कोणीतरी बाहेरून उघडायचं, सगळे हसायचे. तोफ हसत नसे. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन तिनं ती मूठ एकदा त्याच्या टेबलावर आपटली होती. "साहेब, एक दिवस कोणाचा तरी जीव जाईल." मॅनेजर म्हणाला होता, "होईल, होईल. तुम्ही आधी आवाज खाली करा."

ज्या दुपारी आग लागली, त्या दुपारी त्या दोघी चादरींनी भरलेली गाडी ढकलत त्याच खोलीत शिरल्या होत्या. ड्रायरमधून निघणारे कापसासारखे तंतू पलीकडच्या खोपट्यात साठायचे, ते काढायला मुकादम तिकडे गेला होता. दोन खोल्यांमध्ये फक्त एक पातळ फळीची भिंत. ते तंतू कशानं पेटले ते पुढे कोणालाच नीट सांगता आलं नाही. तोफेला आधी वास आला. तिनं दार ओढलं, मूठ हातात आली, आणि दाराखालून धूर आत सरपटायला लागला.

तोफेनं काय काय केलं ते तिला नंतर तुकड्या-तुकड्यांनीच आठवायचं. तिनं दार बडवलं, लाथा घातल्या. लोखंडी गाडी मागे घेऊन खिडकीवर आदळली, काच फुटली, पण बाहेर गज होते. मग त्या गजांना तोंड लावून ती ओरडत राहिली. धाकटी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती, चादरीत तोंड खुपसून. तोफेनं तिला दंडाला धरून खिडकीपाशी ओढायचा प्रयत्न केला, पण ती पोत्यासारखी जड झाली होती. डोळे उघडे होते. हलत नव्हती. फळीच्या पलीकडे कोणीतरी खोकत होतं. मग ते खोकणं थांबलं.

अग्निशामक दलाच्या माणसांनी गज कापले. त्यांच्यातला एकजण तोफेला म्हणाला, "बाई, तुमचा आवाज ऐकू आला म्हणून इकडे आलो, नाहीतर आम्ही पुढच्या दारानं शिरत होतो." मुकादमाला बाहेर आणलं तेव्हा त्याच्यावर चादर घातलेली होती. घडी न घातलेली, चुरगळलेली. तोफेच्या मनाला का कोण जाणे, तेच लागून राहिलं.

धाकटी आठवड्याभरात कामावर परतली. "किती खंबीर पोरगी," सगळे म्हणाले. सासूबाईंना तर शब्द पुरेनात. तोफ मात्र परतली ती वेगळीच होऊन. दिवेलागण झाली की तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची, जसं काही कोणी पाठीमागे लागलंय. अंथरुणावर पडली तरी शरीर पहाऱ्यावर उभं. खाणं पूर्वीइतकंच, पण पोट आणि चेहरा सुटत चालला. पाळी कधी यायची, कधी दोन-दोन महिने गायब. रक्तातली साखर वाढली. दार लोटल्याचा आवाज आला तरी ती ताडकन उठायची, आणि आधीच तापट असलेली बाई आता भाजी चिरताना सुरीवरसुद्धा चिडायची.

घराजवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. "काही नाही. रिपोर्ट नॉर्मल. टेन्शन घेऊ नका."

"मी घेत नाहीये हो," ती म्हणाली, "ते येतंय. मी काय बाजारातून आणते का?"

डॉक्टर हसले. नवरा तिला बाहेर घेऊन येत म्हणाला, "अगं, ते तुझ्या भल्याचंच सांगतायत. जरा शांत राहायला शीक."

"शांत हो" हे दोन शब्द तिनं त्या वर्षात इतक्यांदा ऐकले की पुढेपुढे समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सासूबाई म्हणायच्या, "स्वभावाला औषध नाही बाई. ती बघ, तीही तुझ्यासोबतच होती ना? काही झालं तिला?" शेजारीण म्हणायची, "श्वास मोजत जा." मुलगी मोबाईलवर लाटांचा आवाज लावून उशाशी ठेवायची. तोफ त्या लाटा ऐकत पडून राहायची आणि तिला वाटायचं, या पाण्यात हा मोबाईल बुडवावा.

खरा घाव घातला तो लाँड्रीनं. ड्रायरजवळ उभं राहिलं की तिचे हात कापायचे, म्हणून तिनं हलकं काम मागितलं, फाटक्या चादरी शिवायच्या टेबलावर. मॅनेजरनं कंपनीच्या डॉक्टरला बोलावून घेतलं. तो कागदांवरून नजर न काढता म्हणाला, "तुमच्या नणंदबाई त्याच खोलीत होत्या ना? तेवढाच वेळ, तोच धूर. त्या ठीक आहेत. म्हणजे त्रास आगीमुळे नाही. तो तुमच्या स्वभावाचा आहे."

तोफ म्हणाली, "साहेब, दोघी पावसात भिजल्या, एकीला ताप आला, तर पाऊस पडलाच नाही म्हणाल का तुम्ही?"

"बघा, लगेच आवाज चढला," मॅनेजर म्हणाला.

त्या दिवसापासून ती धाकटीकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. सरळ सांगायचं तर, तिला धाकटीचा राग यायचा. ही कशी काय झोपते? ही कशी त्या ड्रायरपाशी उभी राहते? चादरीच्या त्या टोकाला धाकटीचा शांत चेहरा दिसला की हिला वाटायचं, हा चेहराच माझ्याविरुद्ध साक्ष देतोय. आणि राग धरून बघता बघता तिला काही गोष्टी दिसायला लागल्या. धाकटी झोपायची खरी, पण उठायची नाही. सकाळी तिला हलवून हलवून उठवावं लागायचं, आणि उठली की भिंतीला हात टेकून उभी राहायची. भर उन्हात स्वेटर घालायची. सर्दी एक गेली की दुसरी. कमरेचे कपडे सैल होत चालले होते, ती पिना लावत होती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ती काही बोलतच नव्हती.

तोफेनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, तुमची बहीण बरी नाही."

"तू तिला तरी सोड," तो म्हणाला.

त्याच सुमारास मोठ्या दवाखान्यातल्या एक डॉक्टर मॅडम लाँड्रीत आल्या. आगीसारख्या प्रसंगातून वाचलेल्या माणसांचा त्या अभ्यास करत होत्या. ज्याला यायचं त्यानं यावं, सक्ती नाही, म्हणाल्या. तोफेनं तिथल्या तिथे होकार दिला, स्वतःचा आणि धाकटीचाही. तिला पुरावा हवा होता.

पुरावा गोळा करायचा म्हणजे लाळ तपासण्यासाठी कापसाची छोटी सुरळी चघळायची, सकाळी उठल्या उठल्या, मग थोड्या वेळानं, दुपारी आणि निजण्याआधी, आणि ती नळीत घालून ठेवायची. चघळताना बोलायचं नाही. घरातल्या सगळ्यांना ही तपासणी फार आवडली. नवरा म्हणाला, "ही रोज असते का?" तोफेनं तोंडात कापूस ठेवून डोळ्यांनीच त्याला जे सांगायचं ते सांगितलं.

मॅडमनी स्वभावाबद्दलही पुष्कळ विचारलं. लहानपणी अनोळखी माणूस घरी आला तर तुम्ही काय करायचात? राग आला तर दाखवता की गिळता? मनाविरुद्ध झालं तर किती वेळ घोळत राहतं? तोफेनं भराभरा उत्तरं दिली आणि वर दोन प्रश्न कसे चुकीचे आहेत तेही सांगितलं. धाकटी प्रत्येक प्रश्नाला "तसं काही नाही" म्हणत होती. मॅडमनी न कंटाळता पुन्हा पुन्हा विचारलं.

निकाल सांगायला त्यांनी दोघींना एकत्र बसवलं. त्याआधी दोघींची परवानगी घेतली. तोफ म्हणाली, "आमच्यात काही लपवाछपवी नाही," आणि धाकटीनं मान डोलावली.

"मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात," मॅडम म्हणाल्या. "संकट आलं की त्या एक रस रक्तात सोडतात, कॉर्टिसोल. पळायला, झुंजायला बळ मिळावं म्हणून. एरवीही तो असतोच. सकाळी चढतो, त्यामुळे माणूस ताजातवाना उठतो. रात्री उतरतो, त्यामुळे झोप लागते." मग तोफेकडे वळून म्हणाल्या, "तुमचा रात्री उतरतच नाही. शरीराला वाटतंय, आग अजून चालू आहे."

तोफेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत कोणीतरी पहिल्यांदाच तिचं म्हणणं खरं मानलं होतं.

"आणि तुमचा," मॅडम धाकटीला म्हणाल्या, "सकाळी चढतच नाही. दिवसभर तळाशी पडून. चक्कर येते का? थकवा?"

"तसं काही नाही," धाकटी म्हणाली.

"येते," तोफ म्हणाली. "भिंत धरून उठते ती."

मॅडमनी सांगितलं की धक्का एकच असला तरी प्रत्येक शरीर तो आपापल्या पद्धतीनं झेलतं. लहानपणापासून ज्याची जशी घडण, म्हणजे कोण भडकून बाहेर टाकतं, कोण गोठून आत ठेवतं, त्याचा या रसाच्या चढ-उताराशी संबंध दिसतो. कुठला स्वभाव चांगला, कुठला वाईट, असा तो प्रश्नच नाही. दोघींनाही इजा झालेली असू शकते.

तोफ पुढे सरकून बसली. "मॅडम, एवढंच लिहून द्या. आगीमुळे झालं, म्हणून. मी ते त्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवते."

मॅडमनी चष्मा काढला. "ते मला लिहिता येणार नाही."

"का?"

"आगीच्या आधीचे तुमचे आकडे आमच्याकडे नाहीत. कदाचित आधीपासूनच असं असेल. पुष्कळ माणसांचं एकत्र बघितलं तर काही दिसतं, पण एकट्या माणसाबद्दल, याच्यामुळेच हे झालं, असं छातीठोक सांगता येत नाही. अजून तरी नाही. औषधाच्या डॉक्टरांकडे मात्र मी दोघींना पाठवते."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे, पण सांगता येत नाही."

"मला थोडंसंच माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तेच खरं आहे."

दवाखान्याबाहेर पडल्यावर तोफेनं तोंडाचा पट्टा सोडला. कापूस चघळून घ्यायचा, शंभर प्रश्न विचारायचे, आणि शेवटी हात झटकायचे! धाकटी तिच्या मागून चालत होती. बसथांब्याच्या बाकावर बसल्यावर ती अचानक म्हणाली, "वहिनी, ते मला हाक मारत होते."

"कोण?"

"मुकादम. फळीच्या पलीकडून. काहीतरी सांगत होते. मला नीट ऐकूच आलं नाही." धाकटी समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "तू ओरडत होतीस ना. मला वाटत होतं, ही एकदा थांबली तर मला ऐकू येईल."

तोफेला आधी संताप आला. माझ्या ओरडण्यानंच तू जिवंत आहेस, असं ओठांवर आलं. ते खरंही होतं. पण धाकटीचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट रुतले होते, बोटं पांढरी पडली होती, आणि तोफेला कळलं की ही बाई तेव्हापासून रोज त्या फळीला कान लावून बसलीय. बस आली, निघून गेली, दोघीही उठल्या नाहीत. शेवटी तोफ म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू चिडली असतीस."

"चिडले असते. मग काय झालं असतं? भांडलो असतो, रडलो असतो, संपलं असतं."

"तुझं संपतं, वहिनी," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तोफ मॅनेजरकडे गेली आणि या वेळी दोघींसाठी बोलली. दोघींनाही त्रास आहे, दोघींनाही ड्रायरपासून लांब ठेवा. मॅनेजरनं धाकटीला बोलावलं आणि विचारलं. धाकटी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मला काही त्रास नाही, साहेब." तोफेला वाटलं, आपलं डोकं समोरच्या भिंतीवर आपटावं. किंवा हिचं.

पुढे काही आठवड्यांनी, कामात असतानाच, चादरीचं पलीकडचं टोक एकदम सैल झालं. तोफेनं सवयीनं झटका दिला आणि सगळी चादर तिच्याकडे आली. धाकटी जमिनीवर पडली होती, रुळाच्या अगदी जवळ. हात तापल्या लोखंडाला लागला नाही हे नशीबच म्हणायचं. तोफ इतक्या जोरात ओरडली की बाहेरचा पहारेकरी धावत आला.

आता मात्र सगळ्यांची पळापळ झाली. मॅनेजर स्वतः पाणी घेऊन आला. धाकटीला दुसऱ्याच दिवशी शिवणकामाच्या टेबलावर बसवलं, खिडकीजवळ, पंख्याखाली. "एवढी गुणी मुलगी, सांगितलं सुद्धा नाही," तो सगळ्यांना सांगत होता.

"आणि मी सांगितलं त्याचं काय?" तोफेनं विचारलं.

"तुम्ही ठणठणीत आहात हो. हे बघा, एवढा आवाज आजारी माणसाचा असतो का?"

धाकटी शिवणाच्या टेबलावरून उठली. "साहेब," ती म्हणाली, "वहिनीलाही बरं नसतं." पण तिचा आवाज तो, आणि मागे सगळे ड्रायर चालू. मॅनेजर "हो, हो, तुम्ही आराम करा" म्हणत निघून गेला. त्यानं काय ऐकलं देव जाणे.

तोफेनं त्याच महिन्यात काम सोडलं. घरात त्यावरून रणकंदन झालं. सासूबाई म्हणाल्या, "बघ, रागाच्या भरात भाकरीवर लाथ." नवरा दोन दिवस बोलला नाही. तिनं शाळेच्या बसवर काम धरलं, मुलांना चढवायचं, उतरवायचं, खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्यांवर ओरडायचं. उघडी हवा, आणि ओरडण्याबद्दल कोणाची तक्रार नाही. मुलांना ती आवडायची. तरी संध्याकाळ झाली की छातीत ते ठरलेलं धडधडणं सुरू व्हायचंच. साखरेची गोळी चालू होती, झोपेची नको म्हणून ती डॉक्टरांशी भांडली होती, मग स्वतःहूनच मागायला गेली होती.

पुढच्या वर्षी मॅडमनी दोघींना पुन्हा बोलावलं. या वेळी धाकटी न सांगता तयार झाली. औषधांसोबत ती एका समुपदेशक बाईंकडे जात होती. तिथे काय बोलायची ते तिनं घरी कधी सांगितलं नाही. सासूबाईंना ते सगळं थोतांड वाटे, पण लेकीला काही म्हणायची त्यांची छाती नव्हती.

"तुमचा सकाळचा आकडा किंचित वर आलाय," मॅडम धाकटीला म्हणाल्या. "किंचितच. त्याचा अर्थ लावायची घाई नको."

"आणि माझा?" तोफेनं विचारलं.

"जवळजवळ तसाच."

"तसाच?" तोफ खुर्चीत ताठ झाली. "मी फिरायला जाते, गोड सोडलं, काम बदललं, श्वाससुद्धा मोजते आणि तसाच?"

"काहींना जास्त वेळ लागतो. का लागतो, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही."

"तोवर मी लोकांना काय सांगू?"

"सांगा की आजार आहे. स्वभावाची खोड नाही."

"ऐकतील?"

मॅडमनी जरा विचार केला. "बहुतेक नाही ऐकणार."

"मग तुम्ही या घरी," तोफ म्हणाली. "माझ्या सासूबाईंसमोर बसा, माझ्या नवऱ्यासमोर बसा, आणि त्या टोपीसारख्या ग्रंथींचं जे काय आहे ते त्यांना सांगा. माझ्या तोंडून ते त्यांना भांडणच वाटतं."

मॅडम हसल्या. धाकटीलाही हसू आलं. तोफ हसली नाही. ती पर्स मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, बाहेर पुढचा पेशंट दारावर टकटक करत होता तरी. रविवारी येते, असं मॅडमनी कबूल केलं, तेव्हाच ती उठली.